नाव विचारायचे राहिले

‘टॉप हॅट’ हा १९३५ सालचा अमेरिकन बोलपट. दिग्दर्शक मार्क सँड्रिच, गाणी आयर्विंग बर्लिन यांची, आणि नाचणारी जोडी फ्रेड अस्टेअर व जिंजर रॉजर्स. कथा म्हणाल तर चिमूटभर. लंडनच्या एका हॉटेलात जेरी नावाचा नर्तक रात्री नाचू लागतो. खालच्या खोलीतल्या डेलची झोपमोड होते. ती तक्रार करायला वर येते आणि हा तिच्यावर लुब्ध होतो. ती परत गेल्यावर हा गृहस्थ फरशीवर वाळू पसरतो आणि तिला झोप लागावी म्हणून हलक्या पावलांनी नाचतो! अनुराग शब्दांवाचून कसा सांगावा, हे आम्हा कादंबरीकारांनी तेथे गिरवावे.

पुढे घोटाळा. डेलची मैत्रीण मॅज हिचा नवरा होरेस याच हॉटेलात आहे. डेलने त्याला कधी पाहिलेले नाही. हॉटेलातला माणूस वरच्या सज्जाकडे बोट करून सांगतो, बॅग आणि काठीवाले ते होरेस. नेमक्या त्याच क्षणी होरेसने दोन्ही वस्तू जेरीच्या हाती दिलेल्या! झाले. मैत्रिणीचा नवरा आपल्यामागे लागला आहे या संतापाने डेल जेरीच्या श्रीमुखात भडकावते.

हजेरीपटावाचून ज्याचा दिवस सुरू होत नाही अशा माझ्यासारख्या मास्तराला वाटते, अहो, नाव तेवढे विचारा की! पण ते विचारले असते तर व्हेनिसमधला तो नाच आपल्या वाट्याला आला नसता. (हे व्हेनिस स्टुडिओतले, पांढरेशुभ्र.) तेथे मॅज स्वतःच या दोघांना नाचायला लावते, आणखी जवळ या म्हणून खुणावते. डेलला वाटते, ही बाई आपल्याच नवऱ्याला माझ्या हाती देते आहे! ‘चीक टू चीक’ हे गाणे आपल्या दृष्टीने निष्पाप प्रेमाचे. डेलच्या लेखी मात्र मैत्रिणीचा घात. तरीही तिचे पाऊल चुकत नाही. देवलांच्या ‘संशयकल्लोळा’त फाल्गुनरावाच्या संशयाला आपण पोट धरून हसतो, डेलच्या संशयाला हसवत नाही, कारण तो तिला स्वतःच्या मनाशी भांडायला लावतो. नाचताना दोघे नखशिखान्त दिसतात, मधे फारशी तोडजोड नाही. म्हणून कुठलीच लबाडी चालत नाही. रॉजर्सच्या झग्याची पिसे गळत म्हणून अस्टेअर वैतागला होता म्हणतात. पडद्यावर मात्र तो झगा तिच्या मनासारखाच थरथरतो. नाच संपतो, जेरी लग्नाचे विचारतो, आणि पुन्हा थप्पड! ही दुसरी थप्पड मला पहिलीहून खरी वाटते. पहिलीत राग आहे, हिच्यात स्वतःची लाजही आहे.

यानंतर लेखक थकलेले दिसतात. रागाच्या भरात डेल बेदिनी नावाच्या पोशाखकाराशी लग्न करते. हे पात्र लवकर कंटाळा आणते. ते लग्न मोडायचे कसे? तर होरेसचा नोकर बेट्स कॉलर उलटी करून पाद्री झालेला होता, म्हणून लग्नच खोटे. एका सोंगाने दुसरा घोटाळा निस्तरला. युक्ती सोयीची आहे, पटत नाही. पण घरातल्या मुलांना बेट्सच सर्वांत जास्त आवडेल.