पडद्यावरील आवाज

गारगोटीस मौनी विद्यापीठाच्या परिसरात अभियांत्रिकीचे आणि साहित्याचे शिक्षण शेजारी शेजारी चालते. तथापि एकीकडचा विद्यार्थी दुसरीकडे परक्या गावाकडे पाहावे तसा पाहतो. कला मनाची आणि यंत्र हाताचे, ही समजूत आपल्या सुशिक्षित घरांतूनही दृढ आहे. ती किती पोकळ आहे हे पाहण्यास वाचकांनी फार दूर जावयास नको. आमच्या कोल्हापुरातील बाबूराव पेंटर यांचे चरित्र पुरेसे आहे.

बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव हे संगीत नाटकांचे पडदे रंगवीत. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला, आणि चित्र हलते हे पाहून या चित्रकारांना स्वस्थता उरली नाही. आनंदराव १९१६ साली निवर्तले. बाबूरावांनी शिष्य दामले यांच्या साह्याने कॅमेरा स्वहस्ते सिद्ध केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली.

या कॅमेऱ्याचेच कौतुक आजवर फार झाले. आम्हांस ते अपुरे वाटते. यंत्र घडविणारे पुष्कळ असतात. त्यातून काय पाहावयाचे हे ठाऊक असणारा विरळा. ‘सावकारी पाश’च्या बोलपटातील एक दृश्य जे. बी. एच. वाडिया यांच्या स्मरणात राहिले: अंधूक प्रकाशातील एक उदास झोपडी आणि रडणारे कुत्रे, एवढेच. कुत्र्याचा आवाज यंत्राने दिला. त्याला अर्थ छायेने दिला. संगीत नाटकांच्या सहवासात वाढलेल्या माणसालाच, आमच्या मते, अंधाराचाही सूर लावता येतो.

कोणी म्हणेल, ही स्तुती एकाच्या आठवणीवर उभी आहे; मग ती ऐकीव नव्हे काय? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच चित्रपट श्रेष्ठ होता की नाही याचा निवाडा आम्ही करीत नाही. परंतु गुरूची परीक्षा शिष्यांवरूनही होते. ध्वनियंत्राचे जाणकार दामले आणि चित्रकार फत्तेलाल हे दोघे त्याच कारखान्यात तयार झाले. १९३६ साली त्यांनी ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. संगीत केशवराव भोळे यांचे. तो पट आजही पाहता येतो. त्यात यंत्र दिसत नाही, नेपथ्य मिरवत नाही, गाणे कथेतून उपटून काढता येत नाही. तिन्ही विद्या एकमेकींत विरघळल्या आहेत.

म्हणून ज्या घरात मुलगा चित्रे काढतो आणि घड्याळही उघडून बसतो, तेथील वडीलधाऱ्यांस आमची एकच विनंती आहे: यांपैकी एक सोड, असे त्याला घाईने सांगू नये. बाबूरावांना कोणी तसे सांगून ते ऐकते झाले असते, तर कोल्हापुरास एक चांगला पडदे रंगविणारा लाभला असता, इतकेच.