उपचाराचा धुरा : पडद्यावरचे डॉक्टर आणि रुग्ण

असित सेन यांनी १९५९ साली ‘दीप ज्वेले जाइ’ हा बंगाली चित्रपट केला आणि पुढे त्याच कथेवर हिंदीत ‘खामोशी’. त्यातले डॉक्टर परिचारिका राधाला रुग्णावर प्रेम करण्याचे नाटक करायला सांगतात. पहिला रुग्ण बरा होऊन जातो. राधाचे प्रेम मात्र खरे झालेले असते. दुसऱ्या वेळी रुग्ण सावरतो आणि राधाचेच भान हरपते. प्रेक्षक वहिदा रेहमानसाठी हळहळतात, पण या अनर्थाला ती उपचारपद्धतीच जबाबदार आहे, हे फारसे कोणी म्हणत नाही.

आमच्या सोनाळ्याकडे दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. धुरा कोरला की भांडण पेटते; तो शाबूत असला की त्याच्यावरून दोघेही ये-जा करतात. ‘मर्यादा’ म्हटले की आपल्याला बंधन आठवते, विशेषतः बाईवर घातलेले. उपचारातली सीमा मात्र या धुऱ्यासारखी असते. ती असते म्हणून रुग्ण निर्धास्तपणे बोलू शकतो.

गौरी शिंदे यांच्या ‘डिअर जिंदगी’त (२०१६) हा धुरा दिसतो, पण जरा उशिरा. गोव्यातला डॉक्टर जहांगीर खान कायराला समुद्रकिनारी नेतो, मित्रासारखा वागतो. तिचे मन त्याच्यात गुंतते यात नवल नाही. मात्र शेवटच्या भेटीत तो तिला समजावतो, की असे वाटणे स्वाभाविक आहे; आणि भेटी पुढे चालू ठेवायला नकार देतो. माझ्या मते चित्रपटातला सर्वांत मोठा उपचार हा नकारच आहे.

त्याच वर्षासाठी सुवर्णकमळ मिळालेला सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ वेगळ्या वाटेने जातो. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या मानवला जानकी कोकणातल्या घरी आणते. ती डॉक्टर नाही. स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. ती त्याला आसरा देते, पण खोदून विचारत नाही. चित्रपटाचे निर्माते आणि त्यातले एक अभिनेते डॉ. मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. तरीही एक धोका उरतो : माया मिळाली की उपचाराची गरज नाही, असे प्रेक्षक समजू शकतो.

शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या आमच्या भागात हा प्रश्न केवळ रसग्रहणाचा नाही. अनेकांना मनाचा डॉक्टर पहिल्यांदा भेटतो तो मोबाइलच्या पडद्यावर. उद्या हाच माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी गेला, तर वेळ संपली की थांबणारा, घरचा नंबर न देणारा डॉक्टर त्याला कोरडा वाटेल आणि तो पुन्हा जाणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. २०२२ पासून ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांकही आहे. फोनच्या पलीकडचा अनोळखी आवाज नातेवाईक होणार नाही, आणि म्हणूनच घरात सांगता येत नाही ते त्याला सांगता येते. पडद्याने एवढे जरी नीट दाखवले, तरी पुष्कळ झाले.