लेखकाचा आवाज आणि श्रोत्याची संहिता

'लेखक आपल्या भेटीला', प्रकट मुलाखत, कथाकथन, काव्यवाचन, चित्रकाराचे प्रात्यक्षिक हे कार्यक्रमप्रकार मराठी वाङ्मयीन संस्कृतीत दीर्घकाळ रुजलेले असूनही समीक्षेने त्यांची गंभीर दखल घेतलेली दिसत नाही. त्यांची नोंद होते ती वृत्तान्ताच्या पातळीवर, आणि वृत्तान्तात हशा व टाळ्या यांपलीकडे सहसा काही उरत नाही. मुद्रित संहिता हेच समीक्षेचे एकमेव अभ्यासद्रव्य मानण्याची सवय यामागे आहे. वास्तविक महानगरांबाहेरच्या मोठ्या श्रोतृवर्गाशी आधुनिक मराठी साहित्याची पहिली ओळख डोळ्यांनी नव्हे, कानांनी झालेली असते. ही ओळख संहितेचे नेमके काय करते, हा प्रश्न वाङ्मयबाह्य म्हणून बाजूला सारता येणार नाही.

उचगाव या एकाच नावाची दोन गावे या प्रश्नाच्या दोन बाजू दाखवतात. बेळगाव तालुक्यातील उचगावात मराठी साहित्य संमेलन भरत आले आहे. कडोली, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी या गावांच्या संमेलनांच्या मालिकेतलेच ते एक. ग्रंथदिंडी, अध्यक्षीय भाषण, कथाकथन, कविसंमेलन असा या संमेलनांचा ठरलेला क्रम असतो. १ नोव्हेंबर १९५६ नंतर या टापूत मराठी लेखकाने व्यासपीठावर उभे राहून मराठीत वाचणे हेच एक विधान झाले आहे. तो काय वाचतो, हा प्रश्न तेथे दुसरा ठरतो. याउलट करवीर तालुक्यातील उचगावात भाषेच्या अस्तित्वाचा प्रश्न नाही. कोल्हापूर शहर, गांधीनगरची घाऊक बाजारपेठ आणि पुणे-बंगळूर महामार्ग यांच्या सान्निध्यात वाढलेल्या या गावाला दसरा चौकातील शाहू स्मारक भवन जवळचे. ज्या कोल्हापूर संस्थानच्या मुलखात ते येते, त्या संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालयांचा कायदा केला होता; महाराष्ट्राचा कायदा आला तो १९६७ मध्ये. अशा गावांत 'कलाकेंद्र' नावाची स्वतंत्र वास्तू असेलच असे नाही. वाचनालयाची खोली, शाळेचे पटांगण, देवळाचा मंडप, तालमीची जागा यांपैकी जे मोकळे असेल ते त्या संध्याकाळपुरते कलाकेंद्र होते. भाषेची लढाई नसलेल्या या ठिकाणी लेखकाच्या उपस्थितीला अर्थ प्राप्त व्हायचा तर तो साहित्यातूनच व्हायला हवा. प्रत्यक्षात तसे घडते काय?

या श्रोत्याच्या मागे कीर्तनाची आणि पोथीवाचनाची परंपरा आहे, हे आधी लक्षात घ्यावे लागेल. कीर्तनात रचना एकाची आणि निरूपण दुसऱ्याचे असते. अभंगाचा कर्ता आपल्या नाममुद्रेच्या रूपाने रचनेच्या आतच बसलेला असतो; बाहेर त्याची गरज नसते. पोथी वाचणारा आणि अर्थ सांगणारा, दोघेही तिचे कर्ते नव्हेत, आणि श्रोता ते जाणून असतो. 'वाचणारा तोच लिहिणारा' हे समीकरण त्यामानाने अगदी अलीकडचे आहे. त्या समीकरणात निरूपणकाराची जागा नाहीशी झाली, ही त्यातली मोठी गोष्ट. स्वतः लेखकच समोर असताना अर्थ दुसऱ्या कोणी का सांगावा, असे गृहीत धरले गेले. समीक्षक व्यासपीठावरून उतरला तो याच सुमारास, आणि त्याच्या जागी निवेदक आला.

कथाकथनाचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. शंकर पाटील याच जिल्ह्यातले, पट्टणकोडोलीचे. व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांच्यासह त्यांनी कथाकथनाला महाराष्ट्रभर जी लोकप्रियता मिळवून दिली, तिच्यामुळे ग्रामीण कथा पुस्तक विकत न घेणाऱ्या माणसापर्यंत पोचली. हा लाभ लहान नव्हे. बोलीचा हेल, दोन वाक्यांमधला थांबा, पात्राप्रमाणे बदलणारा स्वर या गोष्टी छापील पानावर चिन्हांकितही करता येत नाहीत. त्या लेखकाच्या कंठातून आल्या तेव्हा ही बोली गावंढळ नसून घडवलेली आहे, हे शहरी श्रोत्यालाही उमगले. मात्र व्यासपीठ हे तटस्थ माध्यम नसते. ते निवड करते. 'वळीव'मधील शंकर पाटील आणि कथाकथनातील शंकर पाटील शेजारी ठेवले की ही निवड स्पष्ट होते. 'वळीव'मधली कथा संथ आहे, माणसाच्या मनातल्या कोंडीपाशी रेंगाळणारी आहे, आणि तिचा शेवट टाळी मागत नाही. 'धिंड'सारख्या कथेत प्रसंग चढत जातो, संवाद फेकता येतात, हशाच्या जागा ठरलेल्या असतात. दोन्ही कथा एकाच प्रतिभेच्या असल्या तरी मंडपात बसलेल्या समूहाच्या स्मरणात 'धिंड'च राहिली. व्यासपीठाने लेखकाच्या साहित्यातून स्वतःचा एक संग्रह संपादित केला आणि पुढे तोच 'ग्रामीण कथा' म्हणून ओळखला गेला. ग्रामीण कथेवर विनोदीपणाचा शिक्का बसण्यात लेखकांचा वाटा किती आणि या अलिखित संपादनाचा किती, याची छाननी अजून व्हायची आहे. केवळ मुद्रित संहितांच्या आधारे ती होणारही नाही.

कवितेच्या बाबतीत हा प्रश्न थोडा वेगळा आहे. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने कविता गाऊन दाखवली, तर विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी ती गाण्यापासून सोडवून वाचनाकडे आणली. चाल गेली आणि कवितेचा स्वतःचा लयबंध ऐकू येऊ लागला, ही त्या तिघांची देणगी होय. शाहिरी आणि जलशाच्या परंपरेला तर हा प्रश्नच लागू पडत नाही. अण्णा भाऊ साठे यांच्या शाहिरीत सादरीकरण संहितेत मागाहून मिळवलेले नसते. संहिता त्यासाठीच जन्मलेली असते.

खरी घसरण झाली आहे ती प्रकट मुलाखतीत. येथे लेखक येतो. त्याचे लेखन मात्र येत नाही. बालपण, पहिली कविता, गाजलेले भांडण, मानधनाचा एखादा किस्सा, आणि शेवटी 'नवोदितांना काय सांगाल?' असा या मुलाखतीचा सांगाडा कोठेही सारखाच असतो. श्रोत्यांचे प्रश्न चिठ्ठीवर मागवले जातात, त्यांतले गैरसोयीचे निवेदकाच्या हातातच राहतात, आणि वेळ संपल्याचे सांगून आभारप्रदर्शन सुरू होते. १९६७ मध्ये रोलाँ बार्थने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. त्यानंतर दोनच वर्षांनी मिशेल फुकोने 'लेखक म्हणजे काय?' हा प्रश्न मांडला तो पॅरिसमधील एका विद्वत्सभेत, व्याख्यानाच्या रूपाने, आणि पाठोपाठ चर्चाही झाली. लेखकाच्या विसर्जनाचा विचारही स्वतः उपस्थित राहून मांडावा लागला, यातली गंमत सोडून दिली तरी एक फरक उरतोच. तेथे श्रोत्यांना प्रतिवाद करता आला. मराठी गावातल्या मुलाखतीत लेखक सिद्धान्ताने मरत नाही; तो किस्स्यांत विरून जातो.

चित्रकाराचे प्रात्यक्षिक या तुलनेत अधिक प्रामाणिक वाटते. आबालाल रहमान, बाबूराव पेंटर यांच्यापासून चालत आलेल्या कोल्हापूरच्या कलापरंपरेत व्यक्तिचित्रणाचे प्रात्यक्षिक हा परिचित प्रकार आहे. समोर माणूस बसवला जातो आणि कागदावर किंवा कॅनव्हासवर चेहरा उमटू लागतो. चित्रकार फारसे बोलत नाही. पण चुकलेली रेषा पुसली गेलेली प्रेक्षकाला दिसते, नाकाची छाया दोनदा बदललेली दिसते, मध्येच सारे बिघडल्यासारखे वाटून पुन्हा सावरलेले दिसते. त्याला निर्मितीच्या प्रक्रियेत प्रवेश मिळतो. लेखक मात्र वाचतो ती पूर्ण झालेली, छापलेली, बक्षीस मिळालेली कथा. खोडलेले पान, टाकून दिलेला शेवट तो बरोबर आणत नाही, आणि कोणी मागतही नाही. निर्मितीविषयी तो बोलतो तेव्हाही 'ते आतून येतं' यापुढे जाण्याची त्याला सक्ती नसते.

लेखकाच्या उपस्थितीला आणखी एक काळी बाजू आहे. कागलचे आनंद यादव यांची 'झोंबी' १९८७ मध्ये आली आणि १९९० मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे २००९ च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. पण 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीवरून वारकरी संघटनांनी आक्षेप घेतले, यादवांना पद सोडावे लागले आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडले. कादंबरीचा वाद वाचनाच्या, पुराव्यांच्या, प्रतिवादाच्या पातळीवर चालू शकला असता. तो व्यासपीठावरील एका खुर्चीपाशी येऊन निर्णायक ठरला. ज्या समूहाला लेखक आणि संहिता एकच मानायची सवय लावली गेली, तो संहितेवरचा राग लेखकाच्या उपस्थितीवर काढतो. आणि लेखकाला दूर ठेवले की संहितेचेही उत्तर दिले गेले, असे समजतो. लेखकभेटीच्या कार्यक्रमांनी हा दोष निर्माण केला असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्यांनी तो दूर करण्याचा प्रयत्नही केला नाही.

या साऱ्या चर्चेत जी. ए. कुलकर्णी यांचे उदाहरण सतत समोर उभे राहते. १९२३ मध्ये जन्मलेला, बेळगाव-धारवाडच्या टापूतच बहुतेक आयुष्य काढलेला हा कथाकार व्यासपीठापासून कटाक्षाने दूर राहिला. 'काजळमाया'ला मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कारही त्याने परत केला. ज्या सीमाभागात लेखकाने उभे राहून वाचणे हेच भाषेच्या अस्तित्वाचे चिन्ह मानले जाते, त्याच भागातला हा सर्वांत मोठा मराठी कथाकार कोणत्याही मंडपात ऐकू आला नाही. त्याची कथा कानांनी ऐकायची झाली तर ती दुसऱ्या कोणीतरी वाचावी लागते, तिच्यातल्या प्रतिमांपाशी थांबावे लागते, अर्थाविषयी मतभेद झाला तर तो तेथेच, उपस्थितांनीच सोडवावा लागतो. करवीर तालुक्यातल्या उचगावच्या श्रोत्याला ही पद्धत परकी नाही. पोथीच्या मंडपात तो तशीच बसत आला आहे.