ज्यांना काम येतं असे लेखक

डिसेंबर आला की सगळे आपापल्या याद्या टाकतात. वर्षभरात काय वाचलं, काय आवडलं, कोणता लेखक नव्याने सापडला. मीही टाकते. गेल्या वर्षी माझ्या यादीत मुराकामी होता, पामुक होता, फेरान्ते होती. यंदा यादी करायला बसले आणि लक्षात आलं, की या वर्षी नव्याने सापडलेले आणि मनापासून आवडलेले सगळे लेखक अंबाजोगाईपासून एसटीने तीन-चार तासांच्या टापूतले आहेत. असं काही ठरवलं नव्हतं.

पुण्यात हॉस्टेलला असताना गाव सांगितलं की उत्तर ठरलेलं असायचं. "बीडची? बापरे!" बीड म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात दुष्काळ, ऊसतोड आणि बातम्यांमधली गुंडगिरी येते. त्यातलं काहीच खोटं नाही. पण हळूहळू मीही माझ्या जिल्ह्याकडं असंच बघायला लागले होते. माझी माणसं मला बातम्यांमधून कळत होती.

सुरुवात झाली ती पुस्तकातून नाही, मोबाइलवरून. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारांहून जास्त गावांमधून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमा केल्या. आता 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या संकेतस्थळावर त्या वाचता, ऐकता येतात. त्यात आपल्या माजलगावच्या बायकांनी गायलेल्या, बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, १९९६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या. प्रत्येकीच्या ओवीपुढं तिचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. लोकगीत म्हटलं की आपण 'अज्ञात कवी' म्हणून मोकळे होतो, इथं तसं होत नाही.

मी त्या ओव्या आजीला ऐकवल्या. तिनं दोन-तीन नीट ऐकल्या आणि म्हणाली, "गळा चांगलाय. पण जात्यावर बसून म्हणली नाय वाटतं तिनं. दम लागल्यावाणी वाटंना."

वर्षभरात ऐकलेली ही सगळ्यात नेमकी समीक्षा. खुंटा ओढताना श्वास जिथं तुटतो, तिथं ओवीची ओळ थांबते. छंद पुस्तकातून आलेला नाही, हातातल्या कामातून आलेला आहे. त्यानंतर मी जे वाचलं, त्याला नकळत हाच प्रश्न विचारत गेले. या लेखकाला आपल्या माणसाचं काम माहीत आहे, की फक्त त्याचं दुःख माहीत आहे?

भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत वाचली असेल. 'शेतकऱ्याची व्यथा तुमच्या शब्दांत लिहा' हा तिच्यावरचा ठरलेला प्रश्न. मी उत्तर लिहून मार्क घेतले होते आणि लेखकाचं नाव विसरले होते. चंदनशिव कळंब तालुक्यातले, म्हणजे आमच्या शेजारचे. यंदा कथा पुन्हा वाचली तेव्हा ती वेगळीच निघाली. शेवटी बाप आपलाच टोमॅटो पायाखाली तुडवतो, एवढं सगळ्यांना आठवतं. पण तो शेवट इतका बोचतो, कारण त्याआधी बाजार आहे. माल मांडून बसणं आहे, घासाघीस करणारं गिऱ्हाईक आहे, उतरत जाणारा भाव आहे आणि हे सगळं बघणारा शाळकरी पोरगा आहे. भाव पडणं म्हणजे काय, हे त्या पोराबरोबर आपण शिकतो. ज्याला बाजार माहीत नाही असा लेखक थेट चिखलावर आला असता आणि आपण हळहळून पान उलटलं असतं.

तुळजापूरच्या देविदास सौदागर यांच्या 'उसवण' या कादंबरीला २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. सौदागर स्वतः शिवणकाम करतात, ही बातमी तेव्हा सगळीकडं फिरली आणि कादंबरी मागं राहिली. कौतुक होतं ते 'शिंप्यानं कादंबरी लिहिली' याचं. खरं तर कौतुक व्हायला हवं ते शिवणकाम जाणणाऱ्या नजरेचं. रेडिमेड कपड्यांमुळं धंदा बसत चाललेला एक शिंपी इथं आहे. तो कुणाचा बळी म्हणून समोर येत नाही, कारागीर म्हणून येतो. ज्याच्या अंगात कसब आहे त्याला ते विकता येत नाही, तेव्हा नुसती गरिबी येत नाही, आपण निरुपयोगी झालो ही लाज येते. गरिबीवर पुष्कळ लिहिलं गेलंय. ही लाज मी मराठीत इतक्या कमी पानांत आणि इतक्या शांतपणे मांडलेली वाचली नव्हती. तालुक्याच्या गावी टेलरच्या दुकानाशेजारी कपड्यांचं मोठं शोरूम उघडलेलं तुम्ही पाहिलं असेल, तर ही कादंबरी तुमच्या ओळखीची आहे.

तिसरं नाव एकनाथ आवाड. मानवी हक्क अभियानाचे नेते म्हणून नाव ऐकलं होतं, लेखक म्हणून नाही. त्यांचं आत्मकथन 'जग बदल घालुनी घाव' इंग्रजीत जेरी पिंटो यांनी नेलं. माझ्या पुण्यातल्या मैत्रिणीनं ते इंग्रजीत वाचून मला विचारलं, "हे तुमच्याच जिल्ह्यातले ना?" मी तोवर वाचलेलं नव्हतं. आवाड दुकडेगावचे, मांग समाजातले, पोतराजाचा मुलगा. असं पुस्तक सोसण्यावर थांबू शकलं असतं. हे थांबत नाही. गायरान जमिनी भूमिहीन दलितांच्या नावावर व्हाव्यात म्हणून चालवलेला लढा वाचताना कळतं, की चळवळ हेही एक काम आहे आणि ते शिकावं लागतं. पुस्तकाचा दोष मला एवढाच वाटला, की घटना एकीमागून एक इतक्या वेगानं येतात की सोबतची माणसं नीट दिसायच्या आत पुढं निघून जातात. कार्यकर्त्याच्या आत्मकथनाला थांबायला वेळ नसतो. वाचकाला तो हवा असतो.

आसाराम लोमटे परभणीचे. त्यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माझी कसोटी इथं अडखळली. या दीर्घ कथांमध्ये एखादा धंदा किंवा कारागिरी केंद्रात नाही. केंद्रात आहे ती गावातली सत्ता, आणि ती माणसामाणसांत कशी झिरपते ते. मग वाटलं, गावात राजकारण हेही एक कामच आहे. लोमटे पत्रकार आहेत, त्यांना ते जवळून माहीत आहे. पण माहिती दाखवायची घाई त्यांना नाही. नुसतं काम माहीत असून भागत नाही हे मला इथं कळलं. माणूस सुटला तर गोष्टीचं माहितीपत्रक होतं.

आता माझ्याबद्दल. कॉलेजच्या वार्षिक अंकात मी ऊसतोड कामगारांवर कविता लिहिली होती. घाम, रक्त, कोयता, पाचटात झोपलेलं लेकरू, सगळं होतं. बक्षीसही मिळालं. यंदा दिवाळीनंतर गावातून टोळ्या निघाल्या, ट्रॅक्टरवर भांडी, सरपण, शेळ्या, पोरं. ते बघताना ती कविता आठवली आणि कसंतरीच झालं. मुकादमाची उचल फिटायला किती टन तोडावं लागतं, नवरा-बायको मिळून एक कोयता कसा धरतात, मोळी कशी बांधतात, यातलं काहीच त्या कवितेत नव्हतं. मला माहीतच नव्हतं. मी दुःख लिहिलं होतं, तेही ऐकीव.

आजी तरुणपणी सात हंगाम तोडीला गेली होती. आमच्या घरात हा विषय कुणी काढत नाही. परवा मी काढला. म्हटलं, "आजी, मोळी कशी बांधतात गं?"

तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. माझ्या हातात वही होती.

"सांगून येत नसतं ते," ती म्हणाली. "ऊस आण, मग दावते."