उत्खनकाचा कॅमेरा : ॲलिसन फ्रँट्झ यांची ग्रीक छायाचित्रे

आपल्याकडील कलेतिहासाच्या अभ्यासकाला ग्रीक शिल्प म्हणून जे परिचित असते ते बहुधा संगमरवर नसून छापील कागद असतो. ऑलिंपियाचा अपोलो काय किंवा ॲक्रॉपोलिसवरील तरुणींच्या मूर्ती काय, त्या आपण ग्रंथांतील चित्रपृष्ठांवरच पाहिलेल्या असतात. आणि या मूर्तींविषयी जी मते आपण वर्गात ठामपणे मांडतो, त्यांपैकी पुष्कळशी वस्तुतः छायाचित्रांविषयीची मते असतात. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकटच्या यवन दात्यांचे लेख वाचताना त्या लेखांचे ठसे कोणी घेतले, कसे घेतले, कोणते अक्षर ठशात उठले नाही, ही चौकशी आपण कर्तव्य म्हणून करतो. ग्रीक शिल्पाच्या छायाचित्राविषयी मात्र असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. छायाचित्र म्हणजे जणू काचेची खिडकी. तिच्यातून पाहावे आणि काचेला विसरावे, अशी आपली समजूत असते. ही समजूत किती धोक्याची आहे, आणि एखाद्या विवेकी छायाचित्रकाराने तो धोका किती कमी करता येतो, हे ॲलिसन फ्रँट्झ यांच्या कार्यावरून पाहता येण्यासारखे आहे.

फ्रँट्झबाईंचा जन्म १९०३ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील डलूथ येथे झाला. अभिजात भाषांचे शिक्षण त्यांनी स्मिथ कॉलेजात घेतले व १९३७ साली कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्यांचा विशेष विषय बायझंटाइन कला हा होता आणि ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. अथेन्सच्या प्राचीन बाजारचौकाचे, म्हणजे अगोराचे, उत्खनन अमेरिकन संशोधकांनी १९३१ साली सुरू केले होते. तेथे नोंदणी विभागात साहाय्यक म्हणून काम करता करता त्या कॅमेऱ्याकडे वळल्या, आणि १९३९ ते १९६४ या काळात त्या उत्खननाच्या अधिकृत छायाचित्रकार होत्या. मधल्या युद्धकाळाचा व दूतावासातील सेवेचा खंड सोडला तर त्यांचे कार्य मुख्यतः ग्रीसमध्येच झाले. १९९५ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात त्यांचे निधन झाले. म्हणजे या बाई प्रथम संशोधक होत्या व नंतर छायाचित्रकार झाल्या. हा क्रम उलटा असता तर त्यांची छायाचित्रे कदाचित अधिक देखणी झाली असती, पण अधिक उपयोगी झाली असती असे मला वाटत नाही.

त्यांच्या कामाचे वेगळेपण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पार्थेनॉनचे पहिले छायाचित्र १८३९ साली जोली द लोतबिनिएर यांनी दागेरच्या पद्धतीने ताम्रपटावर घेतले. मूळ पट हाती नाही. त्यावरून केलेले मुद्रण तेवढे उपलब्ध आहे. त्या चित्रात पार्थेनॉनच्या पोटात एक लहान मशीद उभी दिसते. १६८७ साली व्हेनिसच्या तोफांनी मंदिराचा मध्यभाग उडविला, त्यानंतर तेथे ती उभारली गेली होती. या छायाचित्रानंतर थोड्याच वर्षांत ती काढून टाकण्यात आली. पुढे विल्यम स्टिलमन यांनी १८६९ साली ॲक्रॉपोलिसची छायाचित्रे घेतली व १८७० साली त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यांत प्रवेशद्वाराशेजारी मध्ययुगातील एक उंच चौकोनी बुरूज दिसतो. तोही श्लीमान यांच्या पैशाने १८७५ साली पाडण्यात आला. पेरिक्लीसच्या काळाखेरीज जे जे काही टेकडीवर होते ते ते एकेक करून खाली उतरविले गेले. आज आपण ज्याला प्राचीन अवशेष म्हणतो त्याचे रूप बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकात ठरविले गेले आहे, आणि याचा निर्विवाद पुरावा म्हणून ही जुनी छायाचित्रेच राहिली आहेत. छायाचित्रकारांच्या मनात तसे काही होते असे नाही. बुरूज समोर होता म्हणून चित्रात आला एवढेच.

विसाव्या शतकातील छायाचित्रकारांच्या वाट्याला ही शुद्ध केलेली टेकडी आली, आणि त्यांनी तिला अधिकच शुद्ध केले. जर्मन छायाचित्रकार वाल्टर हेगे यांची १९३० साली रोडेनवाल्ट यांच्या ग्रंथात आलेली ॲक्रॉपोलिसची चित्रे कोणालाही मोहून टाकतील अशी आहेत. काळवंडलेले आकाश, त्यावर उजळलेले स्तंभ, माणसाचा मागमूस नाही, काळाचाही नाही. अशा चित्रासमोर आपण भारावतो. परंतु इमारतीविषयी त्यातून आपल्याला काय कळले असे विचारले तर उत्तर देणे कठीण पडते.

फ्रँट्झबाईंची दृष्टी या परंपरेतली नव्हती, आणि त्याचे कारण त्यांच्या बायझंटाइन अभ्यासात आहे असे मी मानतो. ज्याला अकरावे शतक हे पाचव्या शतकाइतकेच पुराव्याचे वाटते, त्याचा कॅमेरा एका थरावर डोळे लावून बसत नाही. अगोरात उत्खनन करणाऱ्यांचे मुख्य लक्ष्य अर्थातच अभिजात काळातील अथेन्स होते. त्यासाठी एक नांदती वस्ती उठविण्यात आली, शेकडो घरे पाडण्यात आली, आणि वाटेत आलेली लहान चर्चेही गेली. अशा ठिकाणी फ्रँट्झबाईंनी मध्ययुगीन मृत्पात्रांवर १९३८ साली लेख लिहिला, अगोरातील मध्ययुगावर १९६१ साली एक सचित्र पुस्तिका काढली आणि इसवी सन २६७ ते ७०० या उपेक्षित कालखंडावर १९८८ साली, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षाच्या आसपास, संपूर्ण खंड सिद्ध केला. अगोराच्या आग्नेय कोपऱ्यात इसवी सन १००० च्या सुमाराचे होली ॲपॉसल्स हे चर्च आज उभे आहे. त्याचा जीर्णोद्धार १९५४ ते १९५६ या काळात झाला आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ १९७१ साली निघाला. हे चर्च रोमन काळातील एका कारंजेगृहाच्या पायावर अंशतः बसलेले आहे. आणि त्याच्या प्रवेशदालनात सेंट स्पिरिडॉन या पाडून टाकलेल्या चर्चमधील भित्तिचित्रे आणून लावलेली आहेत. एका छोट्याशा वास्तूत इतके थर क्वचितच आढळतील.

येथे एक आक्षेप घेणे मला आवश्यक वाटते. या जीर्णोद्धारात चर्चच्या पश्चिम बाजूला एकोणिसाव्या शतकात वाढविलेला भाग काढून टाकण्यात आला व मूळ रूप पुन्हा सिद्ध करण्यात आले. वास्तुशास्त्राच्या दृष्टीने त्या वाढीव भागाला फारसे मोल नव्हते हे मान्य करू. पण ॲक्रॉपोलिसवरील बुरूज पाडणाऱ्यांनीही असेच म्हटले होते. त्यांच्या मते मूळ रूप म्हणजे पेरिक्लीसचे. येथे मूळ रूप म्हणजे दहाव्या-अकराव्या शतकाचे, एवढाच फरक. उपेक्षित काळाच्या कैवाऱ्याच्या हातूनही दुसरा एक काळ उपेक्षित होतोच. मात्र श्लीमान आणि फ्रँट्झबाई यांना एकाच पंक्तीत बसविणे अन्यायाचे होईल. काढण्यापूर्वीची स्थिती तपासून, मोजून आणि छायाचित्रित करून जगापुढे ठेवण्याची शिस्त त्यांच्यापाशी होती. म्हणूनच तर त्यांच्या निर्णयाविरुद्ध आज मला काही लिहिता येते.

उत्खननातील छायाचित्र किती निर्णायक ठरू शकते याचे सर्वांत ठळक उदाहरण पायलॉसचे आहे. १९३९ सालच्या एप्रिल महिन्यात कार्ल ब्लेगेन यांना तेथे मायसिनी काळातील राजवाड्याचे लेखागार सापडले. सुमारे सहाशे मृण्मय पाट्या व तुकडे निघाले. मूळच्या त्या कच्च्या मातीच्या. राजवाडा जळाला म्हणून भाजल्या गेल्या व टिकल्या. युद्ध दारात येऊन ठेपले होते. पाट्या सुरक्षित जागी बंदिस्त झाल्या आणि पुढची कित्येक वर्षे त्या पाहणे अशक्य झाले. त्याआधी फ्रँट्झबाईंनी त्यांची छायाचित्रे घेतली होती. ती अमेरिकेत पोहोचली आणि एमेट बेनेट यांनी त्यांच्या आधारे चिन्हांचा अभ्यास करून १९५१ साली पाट्यांचे लेख प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी मायकेल व्हेंट्रिस यांनी ही लिपी उलगडली व तिची भाषा ग्रीक असल्याचे दाखविले. या उलगड्याचे श्रेय छायाचित्रकाराला द्यावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु मातीवर टोचणीने ओढलेली रेषा ही स्वतः रंगहीन असते. तिरपा उजेड एका बाजूने आला तर ती दिसते, समोरून आला तर नाहीशी होते. आणि भेगेची सावली तर अक्षराचेच सोंग घेते. भेग कोणती व अक्षर कोणते हे ज्याला कळते त्यालाच दिवा कोठे ठेवावा हे कळते. शिळालेखाच्या ठशावर ज्यांनी डोळे शिणविले आहेत त्यांना हे अधिक सांगावयास नको.

शिल्पांच्या छायाचित्रांकडे वळले म्हणजे प्रश्न अधिक नाजूक होतो. कारण पाटीचे छायाचित्र वाचता आले की त्याचे काम झाले. मूर्तीच्या छायाचित्राचे काम कोठे संपते हे सांगता येत नाही. ऑलिंपियाच्या झ्यूस मंदिरातील शिल्पांवरील ॲशमोल व यालुरिस यांचा ग्रंथ १९६७ साली निघाला. त्यासाठी फ्रँट्झबाईंनी सर्व छायाचित्रे नव्याने घेतली. पूर्वेकडील त्रिकोणी शिरोभागात एक वृद्ध भविष्यवेत्ता बसलेला आहे. पेलॉप्स आणि ओइनोमाओस यांच्या रथशर्यतीचा शेवट काय होणार हे त्या समूहात एकट्या त्यालाच ठाऊक असावे असा त्याचा चेहरा आहे. छातीवरचे सैल पडलेले मांस, गालाकडे गेलेला हात, कपाळावरच्या आठ्या हे सारे या ग्रंथातील चित्रांत इतके स्पष्ट आहे की ग्रीक शिल्पातील आदर्शीकरणाविषयी आपण जी पाठ केलेली वाक्ये बोलतो ती तोंडातच राहतात. हे फ्रँट्झबाईंच्या छायाचित्राचे सामर्थ्य होय. भावनेचा प्रकाश त्या बाहेरून आणीत नाहीत. दगडात जे आहे ते दिसू देतात.

तथापि हे शिल्प त्याच्या निर्मात्याने इतक्या जवळून पाहण्यासाठी घडविलेले नव्हते. पार्थेनॉनच्या शिल्पपट्टाच्या बाबतीत ही अडचण अधिकच तीव्र होते. हा पट्ट सुमारे १६० मीटर लांब व एक मीटर उंच असून तो मंदिराच्या आतील भिंतीच्या माथ्यावर, जमिनीपासून सुमारे बारा मीटरांवर, बाहेरील स्तंभरांगेच्या आड बसविलेला होता. त्यावर थेट ऊन पडत नसे. पायाखालच्या संगमरवरावरून परतलेला उजेड त्याला खालून मिळे. पाहणारा मान वर करून चालत असे आणि स्तंभांच्या मधून घोडेस्वार तुटकपणे सरकताना त्याला दिसत. मार्टिन रॉबर्टसन व फ्रँट्झ यांच्या १९७५ सालच्या ग्रंथात तोच पट्ट डोळ्यांच्या पातळीवर, एकामागून एक, सलग येतो. अथेन्सच्या कोणाही नागरिकाने तो असा पाहिला नव्हता. पश्चिमेकडील शिळा तर त्या वेळी बहुतांश मूळ जागीच होत्या. १९९३ साली त्या उतरविण्यात आल्या, आणि तोपर्यंत शहरातील दूषित हवेने त्यांचा पृष्ठभाग खाल्ला होता. एल्गिन यांच्या माणसांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घेतलेल्या साच्यांशी ताडून पाहिले म्हणजे किती गेले ते कळते. म्हणून या छायाचित्रांचे मोल दुहेरी आहे आणि दोषही त्यातच आहे. जो पट्ट त्यांनी जपला, तो कोणी न पाहिलेला पट्ट आहे.

दुसरा दोष रंगाचा. रिख्टर यांच्या १९६८ सालच्या ग्रंथातील शेकडो छायाचित्रे फ्रँट्झबाईंची आहेत. त्यांतील कोराई, म्हणजे वस्त्रधारी तरुणींच्या मूर्ती, मूळच्या रंगविलेल्या होत्या; कित्येकींच्या केसांवरचा तांबडा व वस्त्राच्या काठावरचा रंग अजून डोळ्यांना दिसतो. काळ्या-पांढऱ्या चित्रात तांबडा रंग आणि सावली यांत भेद राहत नाही. घड्यांची लय, ओठांचे ते सुप्रसिद्ध स्मित, वेण्यांची नक्षी यांचे इतके सूक्ष्म दर्शन घडविणारी चित्रे मी दुसरी पाहिली नाहीत. परंतु ग्रीक मूर्ती म्हणजे शुभ्र मूर्ती हा आपल्याकडेही घट्ट बसलेला भ्रम वाढविण्यास याच उत्तम चित्रांनी हातभार लावला. वाईट चित्रांनी तो इतका वाढला नसता.

शेवटी सिकिनोस. सिक्लाडीझ द्वीपसमूहातील या लहानशा बेटावर एपिस्कोपी नावाची एक वास्तू आहे. १८३७ साली लुडविग रॉस या जर्मन संशोधकाने ती पिथियन अपोलोचे मंदिर असल्याचे लिहिले, आणि शंभराहून अधिक वर्षे ग्रंथकार तेच लिहीत राहिले. फ्रँट्झबाई, होमर टॉम्पसन व जॉन ट्राव्हलोस यांनी ती प्रत्यक्ष तपासून १९६९ साली दाखवून दिले की हे मंदिर नव्हेच. रोमन काळातील कोणा धनिकाचे मंदिराच्या धर्तीवर बांधलेले समाधिस्थान आहे व पुढे त्याचेच चर्च झाले. ज्यांना मंदिर हवे होते त्यांनी घुमटाकडे व नंतरच्या भिंतींकडे अडथळा म्हणून पाहिले होते. या तिघांनी नव्या-जुन्या बांधकामाच्या सांध्यांनाच साक्षीदार मानले. या अनुमानाला पुढे अनपेक्षित दुजोरा मिळाला. वास्तूच्या दुरुस्तीचे काम चालू असताना २०१८ साली तिच्या आत एका रोमनकालीन स्त्रीची अस्पर्श कबर तिच्या दागिन्यांसह सापडली. शिलालेखावरून तिचे नाव नेइको असल्याचे कळले.