वेताळाचा तिसरा चेहरा

पुष्कळ वर्षे चालत आलेल्या एखाद्या चित्रमालिकेची धाटणी बदलली म्हणजे तिच्या चाहत्यांत जो गदारोळ उठतो, त्याची गणना आमची शिष्ट मंडळी पोरखेळात करीत आली आहेत. नायकाचे डोळे मोठे झाले की लहान, रेषा जाड झाली की बारीक, यावर मिसरूड फुटलेल्या माणसांनी हमरीतुमरीवर यावे हे त्यांस हास्यास्पद वाटते. आम्हांस मात्र या भांडणाविषयी आदर आहे. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात आमची तीस वर्षे गेली. तेवढ्या अवधीत एखाद्या कवीने आपली शैली बदलली म्हणून कोणा विद्यार्थ्याची झोप उडाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. परंतु एका व्हिडिओ गेमच्या नायकाचा चेहरा पालटला म्हणून आमच्या भाच्याने दोन दिवस अन्न गोड मानले नव्हते. त्याचे मत चुकीचे असेल. ते उसने नव्हते एवढे खास.

भाच्याच्या दुःखाकडे वळण्यापूर्वी आमच्या स्वतःच्या दुःखाची हकीकत सांगणे प्राप्त आहे. एक तर ते आधीचे, आणि दुसरे म्हणजे त्यात आमची चूक सिद्ध झालेली आहे. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' ही माला सुरू केली आणि ती १९९० पर्यंत चालली. ली फॉक या अमेरिकन लेखकाचा 'फँटम' तिच्यातून आपल्याकडे आला आणि मराठी आवृत्तीत तो 'वेताळ' झाला. हे बारसे मोठे मार्मिक होते. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ मराठी मुलास 'चांदोबा'तील शंकर यांच्या चित्रामुळे आधीच ओळखीचा. कोकणात आणि गोमंतकात तर तो देवळात बसलेला. त्यामुळे अंगाबरोबरच्या जांभळ्या पोशाखातला, कवटीची अंगठी घालणारा हा परदेशी पुरुष आम्हांस परका असा वाटलाच नाही. आमचे वडील केळ्यांच्या वॅगनींच्या कामासाठी सावद्याहून भुसावळास जात, आणि परतताना फलाटावरील पुस्तकांच्या दुकानातून एखादा अंक घेऊन येत. आमचे वाङ्मयीन शिक्षण तेथून सुरू झाले, हे सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

आम्ही ज्या वेताळावर लुब्ध होतो तो भरदार खांद्यांचा होता. त्याच्या भोवतीचे जंगल दाट, काळ्या शाईने ओलसर झालेले असे. माणसांचे चेहरे निरनिराळे, ओळखू येणारे असत. एकदा सुटीत माळ्यावरच्या जुन्या गठ्ठ्यात आम्हांस दुसराच एक वेताळ सापडला. पोशाख तोच, घोडा तोच, लांडगाही तोच. पण सारी चित्रे सपाट, माणसे ठोकळ्यासारखी, झाडे शाळेतल्या मुलाने काढावीत तशी. मालकांनी कोणा स्वस्तातल्या चित्रकाराकडून नक्कल करवून घेतली असावी, असा निवाडा आम्ही वयाच्या दहाव्या वर्षी दिला आणि पहिल्या पानावर पेन्सिलीने 'नकली' असा शेरा मारला. थोरल्या बंधूंनी तो पाहिला. दादा आमच्याहून दहा वर्षांनी वडील. तो अंक त्यांचा होता आणि तो वेताळही त्यांचाच होता. पुढे काय झाले ते आमच्या उजव्या कानास अद्याप आठवते.

खरा इतिहास आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळला. ही चित्रकथा १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकन वृत्तपत्रांतून सुरू झाली, तेव्हा तिचा चित्रकार रे मूर हा होता. दुसऱ्या महायुद्धात मूर सैन्यात गेला आणि त्याचे काम विल्सन मकॉय याच्याकडे आले. मकॉय १९६१ मध्ये वारला. त्यानंतर थोड्याच काळात साय बॅरी आला आणि तो १९९४ पर्यंत टिकला. 'इंद्रजाल'चे पहिले अंक निघाले तेव्हा त्यांत मकॉयची चित्रे होती. बॅरीची मागाहून आली. म्हणजे आम्ही ज्यास मूळ समजत होतो तो वेताळाचा तिसरा चेहरा, आणि ज्यास नकली ठरविले तो त्याच्या आधीचा. खरा पहिला चेहरा ना दादांनी पाहिला होता ना आम्ही. रंगाची तीच गोष्ट. दैनिकातील चित्रे काळीपांढरी असल्यामुळे फॉकच्या मनात पोशाख करड्या रंगाचा होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली तेव्हा छापखान्याने तो जांभळा केला. स्वीडनमध्ये हाच वीर निळा आहे, इटलीत तांबडा. त्या त्या देशातल्या मुलांस आपापला रंग स्वयंसिद्ध वाटतो, आणि आम्हांस जांभळा.

येथवर वाचून कोणी म्हणेल की प्रश्न मिटला: ज्याने दहाव्या वर्षी जे पाहिले ते त्यास मूळ वाटते, आणि चाहत्यांची सारी ओरड ही गतबालपणाविषयीची ओरड होय. हे उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच ते आम्हांस पटत नाही. आमचा इतिहास चुकला होता. आमची दृष्टीही चुकली होती काय? हा प्रश्न मनात ठेवून आम्ही तिघांचीही चित्रे अलीकडे शेजारी शेजारी मांडून पाहिली. मूरचा वेताळ रात्रीचा आहे. तो सावलीतून येतो आणि सावलीत जातो. तो अमर आहे अशी अफवा का पसरली असेल, ते त्याच्या चित्रांवरून तत्काळ समजते. मकॉयची रेषा भाबडी आहे खरी, परंतु त्या भाबडेपणात आजीच्या गोष्टीचा सूर आहे. जंगलातल्या जुन्या म्हणी सांगत पुढे सरकणारे ते कथानक त्याच्या सपाट चित्रांत शोभते, कारण गोष्टीतल्या झाडास पाने मोजून लावावी लागत नाहीत. दहाव्या वर्षी हे आम्हांस दिसले नाही, याबद्दल दादांची क्षमा मागावयास हवी.

तथापि बॅरीचा पक्ष आम्ही सोडलेला नाही, आणि त्याचे कारण खांदे नव्हेत. जुन्या चित्रांतील जंगलवासी हे पुष्कळदा एकाच साच्यातून काढलेले असत: तेच ओठ, तेच भाले, तीच भेदरलेली नजर. बॅरीच्या काळात ती माणसे झाली. कथेतही त्याच सुमारास बदल घडला. १९६० नंतरच्या दशकात आफ्रिकेत एकामागून एक देश स्वतंत्र होत असता, वेताळाच्या जंगलालगतच्या राज्यास लुआगा या नावाचा निवडून आलेला आफ्रिकन राष्ट्राध्यक्ष मिळाला. असा पुरुष मकॉयच्या रेषेत उभा राहिला असता की नाही याची आम्हांस शंका आहे. ज्या हातास सर्व काळे चेहरे सारखे काढण्याची सवय, त्याने राष्ट्राध्यक्ष कसा काढावा? धाटणी हा निव्वळ पोशाख नव्हे. कोणाकडे किती निरखून पाहावयाचे याचा निर्णय तिच्यात झालेला असतो.

आता भाच्याविषयी. आमच्या भगिनीचे बिऱ्हाड न्यू जर्सीत आहे. तिचा मुलगा 'द लेजंड ऑफ झेल्डा' या जपानी खेळमालिकेचा भक्त. निन्टेण्डो या कंपनीने ती १९८६ मध्ये सुरू केली. १९९८ च्या 'ऑकरिना ऑफ टाइम'मध्ये तिचा नायक लिंक हा प्रथमच लांबी, रुंदी आणि खोली असलेल्या जगात हिंडू लागला. ऑगस्ट २००० मध्ये कंपनीने आपल्या प्रदर्शनात नव्या यंत्रावरील एक लहानशी चित्रफीत दाखविली. तीत लिंक आणि त्याचा शत्रू गॅनन यांचे खड्गयुद्ध होते, आणि सर्व काही हाडामांसाचे वाटावे असे होते. पुढचा खेळ असाच असणार, असे चाहत्यांनी गृहीत धरले. वर्षभराने त्याच प्रदर्शनात प्रत्यक्ष खेळाचे दर्शन झाले तेव्हा लिंक हा मोठ्या डोक्याचा, बशीएवढ्या डोळ्यांचा, व्यंगपटातून उचललेला पोरगा निघाला. चाहत्यांनी झेल्डाचे 'सेल्डा' केले. व्यंगपटासाठी ज्या पारदर्शक पत्र्यांवर चित्रे रंगवीत त्यांस 'सेल' म्हणत, त्यावरून ही कोटी. भाचा तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्याने फोनवर, "मामा, यांनी आम्हांला फसवलं," एवढेच म्हटले.

या वाक्यात तक्रार रेषेविषयी नाही, वचनभंगाविषयी आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. आणि तेवढ्यापुरती ती आम्हांस न्याय्य वाटते. परंतु खेळ जपानात डिसेंबर २००२ मध्ये आणि अमेरिकेत मार्च २००३ मध्ये आला, तेव्हा त्या बशीएवढ्या डोळ्यांचे रहस्य उलगडले. लिंक चालता चालता जिकडे वळून पाहतो तिकडे खेळणाऱ्याने लक्ष द्यावे अशी काही वस्तू असते. त्याची नजर हीच वाटाड्या आहे. खऱ्या माणसाच्या प्रमाणातले डोळे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर इतक्या दुरून दिसलेच नसते. खेळाचा प्राण समुद्र आणि वारा. वारा हा दिसत नाही. व्यंगचित्रात मात्र तो पांढऱ्या रेघांनी काढता येतो आणि खेळणारा त्या रेघांवर आपले शीड धरतो. कथा तर अशी की प्राचीन राज्य समुद्राच्या तळाशी बुडून गेले आहे आणि अखेरीस त्याचा राजाच ते पाण्यास अर्पण करून मुलांस नवी भूमी शोधावयास सांगतो. जुने सोडल्याबद्दल ज्या खेळास शिव्या मिळाल्या, त्याने जुन्याच्या मोहाविषयीच गोष्ट सांगावी, हा योग विलक्षण खरा.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. अमेरिकेत खप अपेक्षेइतका झाला नाही. दिग्दर्शक एइजी आओनुमा यांनी मागाहून सांगितले की ती चित्रे लहान मुलांसाठी आहेत असा तिकडे समज झाला. म्हणून २००६ च्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मध्ये लिंक पुन्हा मोठा आणि गंभीर झाला. २००४ मध्ये त्याची पहिली झलक दिसताच सभागृहात जल्लोष झाला होता. आज तो खेळ उघडून पाहावा. त्यातील करडे, मातकट वास्तव हे त्या सालच्या यंत्राची मर्यादा बोलून दाखविते. उलट त्या बशीडोळ्याच्या पोराचे वय वाढलेले नाही. २०१३ मध्ये कंपनीने तो खेळ नव्या यंत्रासाठी उजळून पुन्हा काढला, तेव्हा आमच्या भाच्याची तक्रार अशी की नव्या आवृत्तीत उजेड फार झाला, जुनी सपाट चित्रेच बरी होती! एका तपाच्या आत 'सेल्डा'चा निंदक त्याचा पुजारी झाला होता. २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'वर त्याने काही आक्षेप घेतला नाही. त्यातही रेखाचित्राचीच ओढ आहे, पण तोवर त्याचे वय तीस झाले होते.

तेव्हा नवी धाटणी पाहिली म्हणजे आम्ही एवढेच विचारतो: या रेषेने नायकास असे काय करता आले, जे जुन्या रेषेने करता येत नव्हते? बॅरीने आणि 'विंड वेकर'ने याचे उत्तर दिले आहे. सर्वांस ते देता येत नाही. बेल्जियमच्या टिनटिनची 'ब्लॅक आयलंड' ही कथा पाहा. ब्रिटिश प्रकाशकांनी ब्रिटनच्या चित्रणातील चुकांची लांबलचक यादी पाठविली. एर्जे यांनी आपल्या सहकाऱ्यास तेथे पाहणीस धाडले आणि १९६६ मध्ये सारे पुस्तक नव्याने काढले. आगगाड्या अचूक झाल्या, पोलिसांचे गणवेश बरोबर झाले. पण कथा १९३८ सालची होती; तिची घाई आणि तिचा भाबडा धोका त्या अचूकतेत विरून गेला. येथे जुन्याच्या चाहत्यांनी नाके मुरडली, ती योग्यच मुरडली.

आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेपलीकडे अजिंठ्याची लेणी आहेत. तेथे षड्दंत हत्तीची जातककथा दोनदा रंगविली आहे: एकदा दहाव्या लेण्यात, ख्रिस्तपूर्व काळी, आणि पुन्हा सतराव्यात, वाकाटकांच्या अमदानीत, पाचव्या शतकात. मध्ये पाचशेहून अधिक वर्षे गेली. कथा एकच, सहा दातांचा गजराज, गतजन्मीचा रोष धरून बसलेली राणी, तिने पाठविलेला पारधी आणि दात पाहून तिला आलेली मूर्च्छा. रेषा मात्र अगदी निराळी. दहाव्या लेण्यातील चित्र भिंतीवरून लांब पट्ट्यासारखे सरकत जाते. सतराव्यातल्या चित्रकाराच्या हाती छायाप्रकाशाची आणि गर्दीची मातब्बरी आली आहे. कोणते श्रेष्ठ यावर आमच्या सहलीतले विद्यार्थी दरवर्षी भांडतात, आणि आम्ही त्यांस भांडू देतो. परंतु त्या भांडणास अवकाश आहे तो एवढ्यामुळेच की सतराव्या लेण्याच्या चित्रकाराने दहाव्या लेण्यात जाऊन जुन्या भिंतीवर चुना फासला नाही. तो आपल्या भिंतीवर रंगवीत बसला.

आमच्या काळातील चाहत्यांचा संताप एवढा तिखट का, याचे उत्तर आम्हांस या दोन लेण्यांमधल्या वाटेवर सापडले. चाहत्यास नवे नको असते असे नाही. नवे आले की जुने नाहीसे होते, हा त्याचा अनुभव असतो. खेळ ज्या यंत्रावर चालतो ते यंत्र बाजारातून उठते आणि खेळही त्याच्याबरोबर मुका होतो. भाच्याने आपले २००३ सालचे यंत्र कापडात गुंडाळून ठेवले आहे ते याच भयाने. मराठी 'इंद्रजाल'चे अंक तर घराघरांतून रद्दीत गेले. आज एखादा संपूर्ण संच एका ठिकाणी पाहावयास मिळणे कठीण. नवी धाटणी आणणाऱ्यांनी चाहत्यांची अनुमती घ्यावी असे आम्ही म्हणणार नाही. चौदा वर्षांच्या मुलांची अनुमती घेऊन 'विंड वेकर' कधीच झाला नसता. पण जुनी पाने जशीच्या तशी, आपल्या मूळ रंगांत, वाचकांस मिळत राहतील एवढी तजवीज करणे हे त्यांचे देणे आहे. ते न देता चाहत्यांस पोरकट म्हणण्याचा अधिकार त्यांस पोचत नाही.

गेल्या दिवाळीत सावद्यास गेलो असता आम्ही दादांकडे मकॉयचा तो अंक मागितला. त्यांनी तो कपाटातून काढला, पहिल्या पानावरचा पेन्सिलीचा शेरा दाखविला, आणि आम्ही हात पुढे केला तेव्हा तो पुन्हा आत ठेवून कपाटास कुलूप लावले.