‘ब्रेक निकामी झाले’ या वाक्याची तपासणी

४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे मुंबई-आग्रा महामार्गावर मध्य प्रदेशाकडून धुळ्याकडे येणारा एक कंटेनर वाटेतल्या वाहनांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान १० माणसे मृत्युमुखी पडली. बातम्यांतून कारण सांगितले गेले ते असे: ‘ब्रेक निकामी झाल्याने’. त्या एका वाहनाचा निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. तपासायचे आहे ते हे वाक्य. आपण विज्ञानाच्या वर्गातही ते जसेच्या तसे वापरतो, आणि काहीतरी समजावल्याचे समाधान तेवढे मिळते.

शिंदखेड्याच्या एका शाळेत ऊर्जेवर बोलत होतो, तेव्हा दहावीतल्या एका मुलीने विचारले, “सर, उतारावर ट्रकचेच ब्रेक का जातात? आमच्या मोटारसायकलचे का नाही जात?” तिचे वडील ट्रक चालवतात. मी फळ्यावर हिशेब मांडला. समजा, ४० टनांचा ट्रक २०० मीटर उंची उतरतो. त्याची स्थितिज ऊर्जा सुमारे ८ कोटी ज्यूलने कमी होते. वेग वाढू द्यायचा नसेल तर ही ऊर्जा गतिज ऊर्जेत जाऊ शकत नाही. ती उष्णताच होणार. पाच आसांच्या अशा गाडीला ब्रेकचे दहा ड्रम असतात. एकेक ५० किलोचा धरला तर ५०० किलो बीड. सगळी उष्णता त्यांच्यातच साठली तर तापमान सुमारे ३५० अंशांनी वाढेल, आणि आपल्या खानदेशात उन्हाळ्यात सुरुवातच ४० अंशांवरून होते! उतार ६ टक्के असेल तर हे सगळे ३.३ किलोमीटरच्या रस्त्यात घडते. ताशी ३६ किलोमीटर वेग धरला तर साडेपाच मिनिटांत. एवढ्या वेळात ड्रम निवणार किती?

तापलेल्या लायनरचा घर्षणगुणांक घसरतो. ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर सरकतो, त्यामुळे पेडल अधिक दाबावे लागते. चालक पाय रोवून उभा राहतो आणि गाडी थांबत नाही. यात काहीही तुटलेले नाही. तासाभराने ड्रम थंड झाले की तेच ब्रेक पुन्हा धरतात. ‘निकामी झाले’ म्हटले की वाचकाला एखादा सुटा भाग तुटल्याचे चित्र दिसते, आणि दोष मेकॅनिककडे किंवा नशिबाकडे जातो. प्रत्यक्षात ब्रेकवर त्याच्या कुवतीबाहेरचे काम टाकलेले असते.

ते काम वाटून घेणारा दुसरा भिडू म्हणजे इंजिन. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाजवळ एका अवजड ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. तिथेही आधी ‘ब्रेक फेल’ असेच छापून आले. पुढे पोलिसांनी सांगितले की चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय जुनी आहे. तसे केले की सगळा भार ब्रेकवर येतो.

पण ‘इंजिन ब्रेक वापरा’ एवढा उपदेशही अपुराच आहे. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते. पाय काढला की ती मिटते आणि दट्ट्याला निर्वाताविरुद्ध ओढ घ्यावी लागते. डिझेल इंजिनात सहसा अशी झडप नसते. दट्ट्या हवा दाबतो, आणि ती दाबलेली हवा स्प्रिंगसारखी त्याला परत ढकलते. घेतलेले बरेचसे काम परत मिळते, म्हणून रोध कमी पडतो. एक्झॉस्ट ब्रेक नेमके इथे उपयोगी पडतो. धुराच्या नळीत बसवलेली एक चकती मिटते, डिझेल बंद होते, आणि दट्ट्यांना तुंबलेल्या वायूविरुद्ध काम करावे लागते. इंजिन जणू हवेचा पंप बनते. उष्णता ड्रममध्ये न साठता धुराड्यातून व रेडिएटरमधून बाहेर जाते. क्लेसी कमिन्स हा अमेरिकन इंजिन-निर्माता १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातील कॅहोन खिंड उतरताना असाच मरता मरता वाचला. समोर रूळ ओलांडणारी मालगाडी होती. त्यातूनच पुढे त्याने दाबलेली हवा ऐनवेळी सोडून देणारा आणखी प्रभावी इंजिन-ब्रेक रचला. तो १९६१ पासून विकला जाऊ लागला.

हे सगळे मी उत्साहाने सांगितले आणि ‘एक्झॉस्ट ब्रेक लावला की निम्मी चिंता मिटली’ असे म्हणून मोकळा झालो. संध्याकाळी मुलीचे वडील भेटायला आले. त्यांनी काही वर्षे ऑटोमॅटिक गिअरचा टिपर चालवला होता. अहिराणीत त्यांनी मला समजावले ते असे: गाडी ‘डी’वर ठेवून पाय काढला की ती आपोआप वरचा गिअर टाकते, इंजिनाचा आवाज बसतो, आणि एक्झॉस्ट ब्रेक लावलेला असूनही गाडी पळत सुटते.

माझी चूक उघड होती. एक्झॉस्ट ब्रेकची ताकद इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असते. फेरे कमी म्हणजे रोध कमी. ऑटोमॅटिक गिअरपेटीला पाय काढल्याचा अर्थ ‘आता जोर नको’ असा कळतो, म्हणून ती वरचा गिअर निवडते. शिवाय तिच्यात क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो: तेलात समोरासमोर बसवलेले दोन पंखे. इंजिनाचा पंखा चाकांकडचा पंखा फिरवतो. पाती याच दिशेसाठी वळवलेली असल्याने उलट, म्हणजे चाकांनी इंजिन फिरवायचे, तर घसर जास्त होते आणि तेल तापते. दोन्ही पंखे एकमेकांना जखडणारा लॉक-अप क्लच धरलेला असेल तरच इंजिनाचा रोध चाकांपर्यंत पुरता पोहोचतो. म्हणून जोडणी नीट केलेल्या गाडीत एक्झॉस्ट ब्रेकचे बटण दाबताच गिअरपेटीलाही संदेश जातो, लॉक-अप धरून ठेवला जातो आणि खालचा गिअर पडतो. नुसती चकती मागाहून बसवली आणि हा संदेश दिला नाही, तर काम अर्धवटच. चालकाला दांडा हाताने खालच्या टप्प्यावर अडकवावा लागतो, तोही उतार सुरू होण्यापूर्वी.

आता भारतात ज्या ‘ऑटो गिअर’च्या ट्रकांच्या जाहिराती होतात, त्यांतील अनेकांत टॉर्क कन्व्हर्टर नसतो. नेहमीचाच क्लच व गिअर यंत्राच्या हाताने चालवले जातात. त्यांत घसरीचा प्रश्न येत नाही, योग्य गिअर धरण्याचा मात्र येतो. जाहिराती ‘गिअरची कटकट नाही’ एवढेच सांगतात. चढासाठी ते बरेचसे खरे आहे. उतारावर गिअर निवडणे ही चालकाची जबाबदारी संपत नाही, हे वाक्य त्या जाहिरातींत मी पाहिलेले नाही.

मुलीचा दुसरा प्रश्न राहिला. मी आधी ‘ट्रक जड म्हणून’ असे उत्तर देणार होतो, पण हिशेब जुळेना. ब्रेकच्या दर किलोमागे वाहनाचे वजन काढले तर मोटारसायकल आणि ट्रक फारसे दूर नाहीत. उत्तर वाऱ्यात सापडले. ६ टक्के उतारावर माणसांसह २५० किलोच्या मोटारसायकलला खाली ओढणारे बल सुमारे १५० न्यूटन. ताशी ५० किलोमीटरला वारा व टायर मिळून त्यातले शंभरएक न्यूटन खाऊन टाकतात, उरलेले बहुतेक पेट्रोल इंजिनच पेलते. ट्रकला ओढणारे बल २४,००० न्यूटन, आणि त्याच वेगाला वारा व टायर जेमतेम साडेतीन हजार पेलतात. बाकीचे वीस हजार कोणी पेलायचे, ते चालकाने वरच्या वळणावरच ठरवायचे असते. हे उत्तर मी तिला पत्राने कळवले, सोबत तिच्या वडिलांसाठी लॉक-अप क्लचची आकृतीही पाठवली.